बाबांच्या डब्यातली नाणी कशी लावायची?

मेघना_परळ

नमस्कार मंडळी. परळची आमची चाळ पुनर्विकासाला जातेय, महिनाअखेरीस खोली रिकामी करून द्यायची आहे. परवा माळा आवरताना डालडाचा जुना डबा हाती लागला. रिकामा समजून उचलायला गेले तर हात खालीच गेला, एवढा जड. आत बाबांची नाणी. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांना नाण्यांचा नाद होता एवढंच आम्हाला माहीत. त्यांनी कधी डबा उघडून दाखवला नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आता त्याचं फार वाईट वाटतं.

काल जेवणं झाल्यावर जुन्या साडीवर सगळी पसरली. ३१२ भरली. राजा-राणीचे चांदीचे मोठे रुपये नऊ, त्यातल्या एकावर १८६२ साल. भोकाचे पैसे सव्वीस, सुतळीत ओवून गाठ मारलेले. तांब्याचे जाड, वेडेवाकडे चार तुकडे, त्यावर देवनागरी अक्षरं आहेत पण अर्धीच. कमळाची पिवळी वीस पैशांची नाणी अडतीस. राम-सीतेचं एक मोठं नाणं, त्यावर 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८. चांदीचं एक छोटं नाणं, त्यावर 'जय हिंद' आणि २००४. चांदीचं नाणं २००४ साली कोणी काढलं? बाकी सगळी आणे-पैशांची चिल्लर.

राम-सीतेच्या नाण्याचा फोटो मी एका ठिकाणी टाकला, तर लगेच एकाचा फोन आला. बारा लाख देतो म्हणाला, पण आधी २,५०० रुपये नोंदणीचे भरा. मी भरलेले नाहीत.

मला विकायचं काही नाही. माझा मुलगा नववीत आहे. त्याला आजोबांचा डबा वाचता यावा अशी नाणी लावून ठेवायची आहेत. जाणकार लोक कशी लावतात? राजाप्रमाणे, सालाप्रमाणे, की धातूप्रमाणे?


चुंबक_ठाणे

मी धातूप्रमाणे लावतो. फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि एकेका नाण्याला टेकवून बघा. निकेल चिकटतं, आपली स्टेनलेस स्टीलची नाणी चिकटतात. चांदी, तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि कॉपर-निकेल चिकटत नाहीत. सहाव्या जॉर्जचा १९४५ चा आणि १९४७ चा रुपया डब्यात असेल तर शेजारी ठेवा. ४७ चा, मागे वाघ असलेला, टपकन चिकटेल. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि ४७ मध्ये ती गेलीच, निकेलचा रुपया आला. पिवळा आणा दिसला तर तो युद्धातला, १९४२ ते ४५ मधला. एका चुंबकाने निम्मा डबा वेगळा होतो.


खुर्दा_वडाळा

मेघनाताई, मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, १९८३ ते २०१४. नाण्यांचं वर्गीकरण मी चामड्याच्या पिशवीत शिकलो. गर्दीच्या बसमध्ये पिशवीत बघायला वेळ कुणाला? बोटांना कळायचं. पाच पैशांचा चौकोन, दहा पैशांची लाटांची कड, वीस पैशांचे सहा कोपरे, पावलीची, म्हणजे पंचवीस पैशांची, बारीक दातेरी कड. वेगळं काही हाताला लागलं की भरणा करताना तेवढ्याच किमतीचं माझं नाणं टाकून ते बाजूला घ्यायचो. माझा संग्रह असा जमला, म्हणून तुमच्या बाबांच्या डब्याबद्दल वाचून रात्री झोप लागली नाही.

आधी दोन गोष्टी न करण्याच्या. सुतळी सोडू नका. कुठलं नाणं कशात सापडलं, कुणाबरोबर होतं, हे एकदा मोडलं की परत जुळत नाही. डब्यात पुड्या असतील, कागद असतील, तर आहेत तसे फोटो काढा आणि वहीत लिहा. दुसरं म्हणजे काहीही धुवू नका, घासू नका. आत्याने मला एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, दिली होती. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत, घरची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासली जात होती, त्यात मी ती पण घासली. दहा मिनिटांत नव्या कळशीसारखी गुलाबी झाली. तांब्यावर काळानं धरलेला तो काळसर चॉकलेटी थर नाण्याचा अंगरखा असतो, तो गेला. 'शिव' मधल्या वेलांटीचा टोकदार कोपराही त्याबरोबर गेला. तीस वर्षं झाली, अजून ती शिवराई हातात घेतली की मला ते दिसतं. आता मी तिला हात लावतो तो फक्त कडेने.

आता लावायचं कसं ते. चुंबकवाले म्हणतात ते बरोबर आहे, पण धातू हा साठवणीचा प्रश्न झाला. तांबं आणि चांदी एकत्र ठेवू नये, आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर नाहीच. वाचायला मात्र पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे नाणं कोणी पाडलं? म्हणजे कुणाच्या हुकुमाने. साडीवर त्याप्रमाणे ढीग करा. मराठ्यांचं, कंपनीचं, राणी-राजाचं, संस्थानांचं, स्वतंत्र भारताचं. मग त्या प्रत्येक ढिगात किंमत, म्हणजे रुपया, आणा, पैसा. त्यानंतर साल. त्यानंतर टांकसाळ. शेवटी बारीक फरक. ह्या क्रमानं गेलात तर कुठलंही नाणं उचला, त्याची जागा सापडते.

किंमत वाचताना मुलाला एक गोष्ट सांगा, नाहीतर तो अडकेल. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणून ज्यावर 'वन क्वार्टर आना' लिहिलंय तो आपला पैसा, आणि 'वन ट्वेल्थ आना' म्हणजे पै. १ एप्रिल १९५७ ला हे सगळं बदललं आणि रुपयाचे शंभर झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असं चक्क छापून दिलं. १९६४ मध्ये 'नया' शब्द काढला. तुमच्या डब्यात 'नया पैसा' आणि नुसता 'पैसा' असे दोन्ही असणारच, ते मिसळू नका.

१८६२ चा रुपया भिंगाखाली धरा. त्या रुपयावर साल १८६२ च ठेवून तो पुढे १८७४ पर्यंत पाडत राहिले. मग खरं साल कसं कळणार? तर मुंबईच्या टांकसाळीने तारखेजवळ ठिपके द्यायला सुरुवात केली. बारीक, मोहरीपेक्षा लहान ठिपके. ते मोजून जाणकार साल सांगतात. म्हणजे दहा रुपये सारखे दिसले तरी दहा वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात. मला विचाराल तर अख्ख्या डब्यात सगळ्यात जास्त वेळ घालवण्यासारखं नाणं हे आहे. राणीचं नाव 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे की 'एम्प्रेस' तेही बघा, १८७७ पासून 'एम्प्रेस' झालं. ह्या रुपयांचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी शेकडा ९१.७. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, सोनाराच्या काट्यावर तोला. वरच्या कडेला डाग दिल्याची, म्हणजे झाळून जोडल्याची, खूण दिसली तर तिथे कधीतरी कडी होती, घरातल्या कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेतला तो रुपया. संग्रहवाले त्याला कमी दर्जाचा धरतात. धरू देत. तुम्ही तो वेगळ्या पाकिटात ठेवा आणि आईला विचारा कुणाची माळ होती.

कमळाची अडतीस बघून मला बाबांची नजर कळली. ती नाणी १९६८ ते ७१ मधली. कमळ आणि सोन्यासारखा पिवळा रंग, म्हणून लोकांनी लक्ष्मीपूजनाला ठेवून दिली. पण त्यात दोन जाती आहेत. एकात नुसतं कमळ. दुसऱ्यात कमळावर सूर्य आहे आणि बाजूला 'सब के लिए अन्न'. ते १९७० आणि ७१ चं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मोहिमेसाठी काढलेलं. पहिलं रोजच्या चलनाचं, दुसरं स्मारक नाणं. स्मारक नाणं हा वेगळाच कप्पा आहे. स्वतंत्र भारतात त्याची सुरुवात १९६४ मध्ये नेहरूंच्या रुपयाने आणि अर्ध्या रुपयाने झाली. नेहरूंचा चेहरा डब्यात आहे का बघा.

मग सालाखाली बघा. छोटा चौकट असेल, पत्त्यातल्या चौकटासारखा, तर ते आपल्या मुंबईचं. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा, पण तो १९८८ नंतरच्याच नाण्यांवर. काहीच नसेल तर कोलकाता. आपली टांकसाळ फोर्टात शहीद भगतसिंग रस्त्यावर, रिझर्व्ह बँकेच्या समोर. त्या रस्त्याने गाडी नेताना मला दरवेळी वाटायचं, पिशवीतलं अर्धं ह्या भिंतीआडून निघालंय आणि फिरून फिरून इथूनच चाललंय.

तांब्याचे तुकडे शिवराई असाव्यात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरं अर्धी का, तर ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, हाताने ठोकलेला. जेवढा भाग तुकड्यावर बसला तेवढीच अक्षरं उमटली. चारी तुकडे शेजारी ठेवून कागदावर अक्षरं उतरवा, एकात 'रा' मिळेल, एकात 'शि'. पण शिवराई म्हटलं की महाराजांच्याच काळातली असं समजू नका. राज्याभिषेकानंतर, म्हणजे १६७४ नंतर सुरू झालेलं हे नाणं पेशवाई संपल्यावरही पाडलं जात होतं. अक्षरांमध्ये दोन आडव्या समांतर रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, उशिराची. लोक दुदांडी दाखवून महाराजांच्या काळातली म्हणून विकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. महाराजांचं नाव पुढे दीडशे वर्षं लोकांनी पैशावर ठेवलं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, तिला खोटं वय कशाला जोडायचं?

एक नाणं दोन राजांचं असू शकतं हेही मुलाला सांगा. माझं गाव नाशिककडचं. तिथे जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारलेला. लढाई कोण जिंकलं ते त्या नाण्यावर बोट फिरवलं तरी कळतं. अशी नाणी कुठल्या ढिगात घालायची? वरचा ठसा ज्याचा, त्याच्या. आणि खालच्याची नोंद करायची.

राम-सीतेचं नाणं. ताई, हे नाणंच नाही. कंपनीने असं नाणं कधीही चलनात आणलेलं नाही. १८३५ पर्यंत तर मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, सगळीकडे चालणारं कंपनीचं एकच नाणं १८३५ ला आलं. तुमच्याकडचं आहे तो पूजेतला टाक म्हणा, टोकन म्हणा, पुष्कळ नंतर बनवलेला. देवघरात ठेवायला काही हरकत नाही. 'तांदूळ ओढणारं', म्हणजे चमत्कारी शक्तीचं, नाणं म्हणून हेच दाखवून लोकांना लुबाडलं जातं. त्या फोनवाल्याला एक रुपया देऊ नका. जुन्या नाण्यांच्या नावाने फी मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. तिचं नाव सांगून पैसे मागत होते म्हणून.

'जय हिंद' चं मला ठाऊक आहे, पण ते सांगण्याचा मान इथल्या एका मुलुंडकरांचा आहे. येतीलच ते.


कोरी_मुलुंड

आलो. काकांनी माझ्यासाठी जागा राखली, आभार.

मेघनाबेन, ती कच्छची कोरी आहे. २००४ हे विक्रम संवत, इसवी सनात १९४७-४८. कच्छ संस्थानाची स्वतःची नाणी होती, रुपयाऐवजी कोरी चालायची. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या कोरीवर 'जय हिंद' आलं, आणि १९४८ मध्ये कच्छचा कारभार केंद्राकडे गेल्यावर कोरी बंद झाली. म्हणजे एकाच नाण्यावर संस्थानही आहे आणि स्वातंत्र्यही. ती संस्थानांच्या ढिगात ठेवा, हैदराबादच्या चारमिनारवाल्या नाण्यांजवळ.

माझ्या आजोबांचं लालबागला वाण्याचं दुकान होतं. गिरणीतल्या लोकांची खाती वहीवर चालायची, पगार झाला की फेड. आजोबांच्या गल्ल्यात एक कोरी कायम असायची, बरकत म्हणून. तुमच्या बाबांना कुणा कच्छी दुकानदाराने प्रेमाने दिली असेल असं मला वाटून गेलं. वजन साधारण ४.७ ग्रॅम भरायला हवं, तोलून सांगा.


मेघना_परळ

काका, भाई, चुंबकदादा, कसे आभार मानू? गेले चार दिवस रोज रात्री आम्ही तिघं, मी, आई आणि मुलगा, साडीभोवती बसतोय.

कोरी ओळखीच्या सोनाराकडे तोलली, ४.६८ भरली. आई लगेच म्हणाली, कोपऱ्यावरचा वाणी कच्छीच होता, संपात दीड वर्षं त्यानं आमची उधारी थांबवली नाही. १९८२ च्या संपात. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

नऊ रुपयांतले दोन डागाचे आहेत. ते आजीच्या माळेतले, माळ कधी मोडली हे आईने सांगितलं, ते इथे लिहीत नाही. १८६२ च्या रुपयावर मुलाने भिंगातून ठिपके शोधले. खाली चार मोजले, वर एकही नाही. बरोबर वाचलंय का?

अडतीस कमळांत सूर्यवाली अकरा. नेहरूंचा रुपया नाही, पण अर्धा रुपया आहे. शिवराईंपैकी दोनवर त्या दोन रेघा स्पष्ट आहेत. उरलेल्या दोन खूप झिजल्यात, त्यावर 'छत्र' एवढंच लागतं.

राम-सीता देवघरात गेले. फोनवाल्याचा नंबर बंद केला.


खुर्दा_वडाळा

ठिपके बरोबर वाचले पोराने. आता पाकिटावर लिहा: रुपया, १८६२, मुंबई, वर शून्य, खाली चार. पेन्सिलने लिहा आणि नाणं आत घालण्याआधी लिहा, नाहीतर दाब नाण्यावर येतो. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका, काही वर्षांनी ती चिकट होऊन नाण्यावर हिरवट थर येतो. जाड कागदाची, मध्ये पारदर्शक खिडकी असलेली चौकोनी पाकिटं फोर्टात नाणीवाल्यांकडे मिळतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. शंभर वर्षांवरची नाणी कायद्याने पुरावस्तू आहेत, परदेशातल्या कुणा नातेवाइकाने मागितली तरी पाठवता येत नाहीत, हे घरात सांगून ठेवा.

दर्जा ठरवायची घाई नको. राणीच्या गालाचा उंचवटा आणि कपाळावरचे केस आधी झिजतात. ते बघायची सवय होऊ दे, नावं नंतर शिकता येतील.

मुलाला एकदा फोर्टातल्या अमर बिल्डिंगमध्ये न्या, रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, फिरोजशहा मेहता रस्त्यावर. सोमवारी बंद असतं. आहत नाण्यांपासून सुरुवात आहे, ज्यावर राजाचं नाव नाही, नुसती चिन्हं ठोकलेली. तिथे आमचा पहिला प्रश्नच अडतो. ते बघून झाल्यावर तो तुम्हाला प्रश्न विचारेल.

आणि सुतळीचं काय केलंत? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.


मेघना_परळ

सुतळी सोडली नाही काका. तुम्ही सांगितलं म्हणून नुसती नाणी बाजूबाजूला सरकवून सालं वाचली. भोकाचे सव्वीस पैसे, १९४३ पासून १९४७ पर्यंत, ओळीने लावलेले आहेत. एकही मागेपुढे नाही. सगळ्यांचा मुकुट एकाच बाजूला.

गाठ आईने पाहिली आणि म्हणाली, ही साच्यावरची गाठ, तुटलेला धागा जोडायला मारतात ती. त्या पाकिटावर मुलाने पेन्सिलने लिहिलंय: भोकाचा पैसा, २६, आजोबांनी लावलेले.

येत्या मंगळवारी शाळेला सुट्टी आहे. आम्ही तिघं अमर बिल्डिंगला येतोय. तुम्ही याल का?


खुर्दा_वडाळा

येतो. हुतात्मा चौकात उतरेन, अकरा वाजता. कोरीवाल्यांनाही सांगा.